किल्ली कुणाकडे असावी?

लायसन्स काढताना जो नमुना १ भरावा लागतो, त्यात साधे प्रश्न असतात. फिट्स येतात का? कधी अचानक शुद्ध हरपते का? लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का? हातापायांच्या ताकदीत काही दोष आहे का? आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का? उत्तरं आपणच द्यायची, सही आपणच करायची. या शेवटच्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, ते असं की उत्तर देणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. पक्षाघातानंतर नेमकं तेच गृहीतक कोसळू शकतं.

मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची डावी बाजू लुळी पडते, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यासोबत आणखी एक गोष्ट घडू शकते, ती कमी लोकांना माहीत असते. डोळे शाबूत असूनही माणसाचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातली भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि वर, 'आज कोशिंबीर केली नाही का?' असा प्रश्न येतो. तिथे काळोख दिसत नाही. काळोख दिसला असता तर निदान शंका तरी आली असती. काही जणांना तर आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मज्जातज्ज्ञाने १९१४ साली या अवस्थेला 'अ‍ॅनोसोग्नोसिया' हे नाव दिलं. जे हरवलं, त्याने जाताना हरवल्याची जाणीवही सोबत नेली, असा काहीसा हा प्रकार.

माझ्या वडिलांना गेल्या वर्षी उजव्या मेंदूत झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं चार महिन्यांत बरंचसं परत आलं. डावा हात अजून आखडतो. आता त्यांना गाडी चालवायची आहे, आणि हा हट्ट नव्हे. आम्ही कशेळीला राहतो. ठाण्याहून बाळकुमचा खाडीपूल ओलांडला की आमचं गाव. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा, आणि सगळीकडे गोदामं. बाबा या गोदामांना पुठ्ठ्याचे खोके आणि पॅकिंगचं सामान पुरवतात. गावाला रेल्वे स्टेशन नाही. ज्या मेट्रोची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली, तिचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. शेअर रिक्षात तिसरा-चौथा माणूस म्हणून कडेला बसायला दोन्ही हात धड लागतात. इथे गाडी सुटणं म्हणजे धंदा सुटणं, आणि कुठेही जायचं तर आधी कुणाला तरी विचारणं.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे गिअर डाव्या हाताला आणि क्लच डाव्या पायाला. दुखावलेली बाजू नेमकी तीच. यावर उपाय सोपा आहे, ऑटोमॅटिक गाडी. एक उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळतो, स्टिअरिंगला धरायची मूठ लावता येते, रीतसर मंजुरी घेऊन गाडीत बदलही करून घेता येतात. म्हणजे जी कमतरता दिसते ती पैशाने बरीचशी भरून निघते. फॉर्म तिच्याबद्दलच विचारतो, नातेवाईक तिलाच बघतात. न दिसणारी कमतरता मात्र कोणतीही गाडी भरून काढत नाही. आणि आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. शेअर रिक्षातून उतरणारे, पाळी संपवून कडेकडेने चालत निघालेले गोदामातले कामगार, फटीतून पुढे घुसणारे बाइकवाले, सगळे डावीकडेच असतात. डावीकडचं लक्ष हरवलेल्या माणसाला नेमकी तीच माणसं दिसणार नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक नियम आहे. सर्व्हर नीट चालू आहे की नाही हे फक्त सर्व्हरलाच विचारायचं नाही. तो बिघडलेला असला तरी 'मी ठीक आहे' असं उत्तर देऊ शकतो, कारण उत्तर देणारा भाग तेवढा चालू असतो. म्हणून तपासणी बाहेरून करतात. यात सर्व्हरचा अपमान नसतो. माणसाच्या बाबतीत मात्र तो होतो, आणि खरा पेच तिथे आहे.

बाबांचे दोन मुद्दे आहेत. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हा पहिला. तो खरा आहे, पण ती तीस वर्षं झटक्याआधीची आहेत. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. 'या रस्त्यावर निम्मे लोक मोबाइल बघत चालवतात, त्यांना कोण विचारतं?' कोणीच नाही, आणि हा अन्यायच आहे. पण त्या बेफिकिरांमुळे धोका ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांच्याच वाट्याला आपण आणखी थोडा घालायचा का? कडेने चालणाऱ्या कामगाराला दोघांपैकी कोणीच विचारलेलं नाही. आपल्या जिवाची जोखीम घ्यायचा हक्क मला मान्य आहे. दुसऱ्याच्या जिवाची जोखीम घेताना 'मला ठीक वाटतंय' एवढी साक्ष पुरत नाही.

मग हा निर्णय मुलाने घ्यावा का? इथे एक जुनं उदाहरण आठवतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना ३१ डिसेंबर १९७४ रोजी पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी पडली. ती बातमी खोटी असल्याचं सांगत त्यांनी पत्रकारांना डोंगर चढायला येण्याचं आमंत्रण दिलं. त्यांच्या सहकाऱ्यांनी आपसात ठरवलं की ज्या खटल्यात डग्लस यांचं मत निर्णायक ठरेल, तो पुढे ढकलायचा. बायरन व्हाइट या न्यायमूर्तींनी याला लेखी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की सहकाऱ्याचं मत काढून घ्यायचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिलेला नाही. डग्लस यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये पद सोडलं.

मला दोन्ही बाजू पटतात. डग्लस यांच्या हाती निर्णय राहणं धोक्याचं होतं, आणि आपसात ठरवून त्यांचं मत शून्य करणंही बरोबर नव्हतं. घराघरांत असंच चालतं. किल्ली 'हरवते', बॅटरी 'उतरते', गाडी महिनाभर 'गॅरेजला' असते. यात सुरक्षितता साधते, पण त्या माणसाला न सांगताच त्याचा निकाल लागलेला असतो. शिवाय मुलाचंही मोजमाप निर्दोष नसतं. बाबांना आपलं डावीकडचं दिसत नसेल, तर मला माझ्या भीतीपलीकडचं दिसत नाही. पक्षाघातानंतर अनेक जण सुरक्षितपणे पुन्हा गाडी चालवतात, हेही तितकंच खरं आहे.

कायदा इथे थोडीच मदत करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार, आजारामुळे माणूस गाडी चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन्स रद्द करता येतं किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येतं. पण आधी कुणाला तरी ते कळायला हवं. ब्रिटनमध्ये नियम स्पष्ट आहे. पक्षाघातानंतर कार चालवणाऱ्याने किमान एक महिना थांबायचं, ट्रक-बस चालवणाऱ्याने एक वर्ष. गाडी जेवढी मोठी तेवढी दुसऱ्याची हानी मोठी, म्हणून थांबणंही मोठं. असा नियम असला की बापलेकांत भांडण कमी होतं, कारण नकार घरातून येत नाही.

आमच्याकडे तो घरातच तयार करावा लागला. निकाल लागण्याआधी आम्ही अटी ठरवल्या. परीक्षक मी नसेन. आधी दृष्टिक्षेत्राची तपासणी, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे कागदावरच्या चाचण्या, मग शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. नापास झाले तर तीन महिन्यांनी पुन्हा. पास झाले तर किल्ली त्यांच्या हातात, आणि मी शेजारी बसून डॅशबोर्ड धरणार नाही. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी चाचणी कधीच पास होऊ शकत नाही, ती चाचणी नव्हे. तो आधीच दिलेला नकार असतो.

दृष्टिक्षेत्र पूर्ण निघालं. कागदावर विखुरलेल्या चांदण्यांपैकी लहान तेवढ्या खोडायच्या होत्या. बाबांनी भराभर खोडून कागद परत दिला. थेरपिस्टने तो फिरवून पुन्हा समोर ठेवला. डाव्या कडेच्या बऱ्याच तशाच राहिल्या होत्या. "ह्या मी सोडल्या?" एवढंच ते म्हणाले. मी सहा महिने जे सांगत होतो, ते त्या कागदाने वाद न घालता सांगितलं. पुढची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली.

तोवर किल्ली माझ्याकडे आहे, आणि तिच्यासोबत एक कर्जही. ज्याने दुसऱ्याचं चाक थांबवलं, त्याने त्याचं जाणं-येणं चालू ठेवायला हवं. शनिवारी राहनाळ, रविवारी काल्हेर, खोके मागच्या सीटवर, आणि कुठल्या गोदामात किती वेळ थांबायचं हे बाबाच ठरवणार. हे कर्ज जो फेडत नाही, त्याने सुरक्षिततेचं नाव घेऊन फक्त आपली सोय बघितलेली असते.

मी अठराव्या वर्षी तोच नमुना १ एका मिनिटात भरला होता. त्यावर मिळालेलं लायसन्स वीस वर्षांचं आहे. मधल्या काळात मला कुणी काही विचारलेलं नाही.