‘हॅमार्शिया’ : दोष, चूक आणि समीक्षकाचा निवाडा

शोकात्मिकेच्या अभ्यासात ‘हॅमार्शिया’ या संज्ञेसाठी ‘स्वभावदोष’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे की, तो मुळात एक अर्थनिर्णय आहे याचाच विसर पडतो. नायकाच्या स्वभावात एखादे व्यंग असते आणि त्या व्यंगातून त्याचा विनाश ओढवतो, ही मांडणी सोयीची खरीच. मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय अशा जोड्या लावल्या की विवेचन संपते. परंतु ही संज्ञा वापरणारा समीक्षक नाट्यकृतीचे वर्णन करीत असतो की पात्राचा निवाडा, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

या शब्दाच्या मुळाशी असलेले ग्रीक क्रियापद होमरच्या महाकाव्यात फेकलेल्या भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. नव्या करारात याच शब्दाला ‘पाप’ असा अर्थ आला. अ‍ॅरिस्टॉटलचा अर्थ यांपैकी कोणत्या टोकाच्या जवळ जातो, हे ‘काव्यशास्त्रा’चे तेरावे प्रकरण बारकाईने वाचले तर बरेचसे उलगडते. नायकाचे दैव फिरावे ते दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या मोठ्या ‘हॅमार्शिया’मुळे, असे तेथे म्हटले आहे. त्याच प्रकरणात करुणेची अटही आहे : जो आपत्तीस पात्र नव्हता, त्याच्यावर ती कोसळली तरच करुणा उत्पन्न होते. ही दोन विधाने शेजारी ठेवली की ‘स्वभावदोष’ डळमळू लागतो. दुःख हे दोषाचे फळ असेल तर ते निदान अंशतः तरी रास्त ठरते. आणि जितके ते रास्त, तितकी करुणा उणी. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात निव्वळ अपघात, चूक आणि अन्याय यांत जो भेद केला आहे, तोही चुकीला दुष्टाव्यापासून वेगळी काढतो.

ई. आर. डॉड्स यांनी १९६६ मध्ये सोफोक्लीजच्या ‘ईडिपस’च्या गैरवाचनांविषयी लिहिलेला निबंध परीक्षार्थींच्या उत्तरांपासूनच सुरू होतो. ज्याची जशी करणी तसे त्याला फळ, असे दाखवून हे नाटक देवांचे समर्थन करते, असे त्यांतील काहींनी लिहिले होते. त्यांना हसणे सोपे आहे. पण वाचकाला नायकात दोष हवाच का असतो? तिठ्यावर संतापून हात उगारणारा ईडिपस दोषी ठरला, की वाचकाला आपल्यापुरता दिलासा मिळतो : आपण इतके संतापी नाही, तेव्हा आपल्यावर अशी वेळ येणार नाही. डॉड्स या अर्थाला ठामपणे नाकारतात आणि ईडिपसला नैतिकदृष्ट्या निर्दोष मानतात.

तथापि ‘चूक’ म्हणून मोकळे होणेही कठीण. मराठीत बेरजेतही चूक होते. ‘कोलोनसमधील ईडिपस’ या नाटकात वृद्ध ईडिपस आपण जे केले ते अजाणता केले असे पुनःपुन्हा सांगतो, तरीही केलेल्या कृत्याचा विटाळ त्याला सुटत नाही. हेतू नसताना घडलेले कृत्यही कर्त्याचेच राहते, हा बर्नार्ड विल्यम्स यांनी १९९३ च्या ‘शेम अँड नेसेसिटी’मध्ये याच नायकाच्या आधारे मांडलेला मुद्दा येथे मोलाचा आहे. ‘प्रमाद’ या शब्दात अनवधानाची छटा असल्याने तो त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. महाभारतात नसलेला दुर्वासाचा शाप कालिदासाने ‘शाकुंतला’त आणला, तोही अशाच अनवधानावर उभा आहे : शकुंतलेचे चित्त दुष्यंताकडे लागलेले, दारी आलेला अतिथी तिच्या लक्षातच आला नाही. प्रमाद तिचाच, पण भोगावे लागले त्याला तो प्रमाद पुरा पडत नाही.

या संज्ञेची खरी कसोटी मात्र ‘एकच प्याला’च्या वाचनात लागते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्येच रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुधाकराचा स्वभावदोष शोधणे अवघड नाही. तो मानी आहे, तापट आहे. वकिलीची सनद तात्पुरती गेल्याचा अपमान त्याला सोसवत नाही आणि तळीराम प्याला पुढे करतो. येथवर संज्ञा चोख काम करते. पण त्या घरात सर्वाधिक सोसते ती सिंधू, आणि तिच्याविषयी या संज्ञेला बोलता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, सिंधूला नायकाच्या पतनाचे परिमाण मानून बाजूला ठेवणे. दुसरी, तिच्यातही दोष हुडकणे. तिच्या पातिव्रत्याला ‘अतिरेक’ म्हटले की तोही हाती लागतो. यातली दुसरी वाट वरवर आधुनिक दिसते, तरी परीक्षार्थींच्या त्या उत्तराहून ती फार वेगळी नाही : जिने सोसले, तिच्यातच त्या सोसण्याचे कारण असले पाहिजे, हे गृहीत दोन्हीकडे सारखेच. ज्या व्यवस्थेत सिंधूला माहेरची मदतही परत करावीशी वाटते आणि तान्ह्या मुलाच्या मृत्यूनंतरही नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलावेसे वाटते, ती व्यवस्था ‘दोष’ या एकवचनी शब्दाच्या आवाक्यात येतच नाही. आणि सिंधूच्या मरणाचे विवेचन तेथूनच सुरू व्हावे लागते.