कमरेपाशी ओढलेली रेघ

रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपल्या लोणच्यातलं ‘लोण’ थेट युरोपात भेटलं की मराठी वाचक हरखतो. ही तर आपलीच माणसं! हरखायला हरकत नाही. पण सात, आठ, नऊ हे आकडे याच लोकांनी वाटेत ग्रीकांकडून उचलले. शिवाय आपला कोण आणि परका कोण, हे ठरवताना रोमा घरात हजार वर्षांपूर्वीचा भारत फारसा कामाला येत नाही.

कामाला येतो धुण्याचा टब. काल्देराश म्हणजे पिढीजात तांबट. त्यांच्यातल्या जुन्या वळणाच्या घरांत कमरेवरचे कपडे एका टबात भिजतात, कमरेखालचे दुसऱ्यात. बाईचा घागरा पुरुषाच्या सदऱ्यात मिसळायचा नाही, भांडी घासायच्या पाण्यात तर नाहीच. ही रेघ मोडली की ‘मारिमे’, म्हणजे विटाळ. आजीचं सोवळं-ओवळं पाहिलेल्यांना आणखी सांगायला नको. ‘गाजो’ म्हणजे रोमा नसलेला माणूस. त्याला हे नियमच ठाऊक नाहीत, म्हणून त्याच्या घरचा कपसुद्धा संशयाचा. ज्यांना शेजाऱ्यांनी शतकानुशतकं घाणेरडं म्हटलं, त्यांच्या लेखी शेजारीच ओवळा!

मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली मांडलं, की गटाचं वेगळेपण त्याच्या पोटातल्या संस्कृतीपेक्षा त्याच्या सीमेवर शोधावं. रोमांच्या बाबतीत अडचण एवढीच, की सीमा एक नाही. १९७१ साली लंडनजवळच्या परिषदेनं ‘रोमा’ हे नाव सगळ्यांसाठी स्वीकारलं. जर्मनीतले सिंती मात्र स्वतःला रोमा म्हणवत नाहीत; तिथल्या मध्यवर्ती संस्थेच्या नावात म्हणूनच ‘सिंती आणि रोमा’ अशी जोडी आहे.

कोसोव्होत गुंता आणखी वाढतो. अश्काली आणि ‘इजिप्शियन’ हे दोन्ही गट अल्बानियन बोलतात, आणि आम्ही रोमा नाही असं ठासून सांगतात. गाजो शेजाऱ्याला तिघांतला फरक बहुधा कळत नाही. इजिप्शियनांच्या मते त्यांचे पूर्वज इजिप्तहून आले. गंमत अशी, की इंग्रजीतला ‘जिप्सी’ हा शब्दही इजिप्तच्याच दंतकथेतून निघाला. एकाला नकोसं झालेलं मूळ दुसऱ्यानं अभिमानानं मिरवलं. १९९९च्या युद्धानंतर सर्बांचे साथीदार ठरवून रोमांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा ‘आम्ही रोमा नाही’ या वाक्यावर जीव वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न येऊन ठेपला.

२००८च्या राज्यघटनेनं १२० जागांच्या संसदेत या तिघांना एकेक जागा राखून दिली. शिवाय चौथी एक ठेवली: तिघांपैकी ज्याला सर्वांत जास्त मतं पडतील, त्याच्यासाठी.