ठराव पास झाला, पुढं काय?



आपल्यात एक वाद नेहमी पेटतो. वस्तीत पाणी नाही, संडासाची दारं तुटलीत, गटार तुंबलंय. एक जण म्हणतो, मोर्चा काढा. दुसरा म्हणतो, आधी प्रभाग समितीत विषय घाला. पहिला लगेच त्याला हिणवतो, "बस अर्ज लिहीत. त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलास की तूही त्यांचाच होशील." हा प्रश्न टवाळीनं सुटणारा नाही. ज्या व्यवस्थेनं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तिच्या समितीत जाऊन बसणं ही शरणागती आहे का? आणि न जाणं हा विद्रोह आहे, की कर्तव्यात कसूर?

उत्तरासाठी महाडला जाऊ. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं त्याच धर्तीवर ठराव केला, चवदार तळं खुलं. पुढं काय झालं? काही नाही. ठराव दप्तरात आणि आपली माणसं तळ्याबाहेर. तीन वर्षं असंच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या कागदात जीव आला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. पुढची कुणी सांगत नाही. ऑगस्ट 1927 मध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला. तळ्यावर हजारो माणसं होती. ठराव रद्द करायला मूठभर सभासद पुरले. मग कोर्टकचेरी आली. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. अस्पृश्यांना अडवायची रूढी अनादि काळापासूनची आहे हा दावा टिकला नाही. सत्याग्रहाच्या दिवसापासून मोजा, दहा वर्षांना तीन दिवस कमी.

यातून मी एवढंच घेतो. बाबासाहेबांनी नगरपालिकेचा ठराव रद्दी म्हणून फेकला नाही, आणि त्यावर विसंबूनही राहिले नाहीत. कागदाच्या आधारानं पाय उचलले, आणि पायांनी कागदाला अर्थ दिला. मोर्चा की समिती, असा वाद ते घालत बसले नाहीत.

कुणी म्हणेल, 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनीच सत्याग्रह सोडा म्हणून सांगितलं. नीट वाचा. सनदशीर मार्ग खुले असतील तर इतर मार्गांना समर्थन उरत नाही, असं ते म्हणाले. सगळा जोर 'खुले' या शब्दावर आहे. आणि दार खुलं आहे की नाही, ते दारापर्यंत गेल्याशिवाय कसं कळणार? त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली की बुद्धाच्या भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते. ठराव, कोरम, मतमोजणी, सगळं. म्हणजे ही रीत त्यांची आणि आपण उपरे, असं मानायचं कारण नाही. ती आपल्या घरची आहे, मधे कुणीतरी बळकावली.

आता दाराच्या आत काय चालतं ते पाहू. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका 1949 च्या कायद्यानं चालतात. त्यात स्थायी समिती सोळा नगरसेवकांची. निम्मे दर वर्षी निवृत्त होतात, नवे येतात. पैशाची किल्ली या समितीकडं. आयुक्त अंदाजपत्रक आधी तिच्यापुढं ठेवतो, मग ते महासभेत जातं. मोठे ठेके तिथंच मंजूर होतात. महासभेला निदान प्रेक्षकांची गॅलरी असते, स्थायीच्या खोलीला सहसा तीही नसते. आपल्या गटाराचं भवितव्य तिथं दोन मिनिटांत ठरतं : मंजूर, तहकूब किंवा फेटाळला.

74 वी घटनादुरुस्ती जून 1993 पासून लागू झाली. तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात त्या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांची तीनपर्यंत माणसं नेमायची सोय आहे. तुमच्या प्रभागात ही तीन माणसं कोण आहेत? विचारलंय कधी? आपण विचारलं नाही तर ती जागा कुणाच्या तरी भाच्याला जाते, नाहीतर रिकामी राहते.

आणि सगळ्या खुर्च्याच रिकाम्या झाल्या तर काय होतं, तेही आपण पाहिलं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं निवडणूक झाली नाही. आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. समित्या सगळं नाटक आहे म्हणणाऱ्यांनी हा काळ आठवावा. वाईट नगरसेवकाच्या दारात निदान ओरडता येतं. दारच नसेल तर कुठं ओरडायचं?

"पण आत जाऊन आपण हरणारच ना? मतं त्यांचीच जास्त." खरं आहे. जोतीराव 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपयांचा विषय आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. हरले. पण तो विरोध आज शंभरावर वर्षांनी आपल्याला बळ देतो. हरलेलं मतही साक्ष असते. गैरहजर माणसाची साक्ष कुठं नोंदवायची?

मात्र इथं थांबा. गैरहजर कुणाला म्हणायचं? बैठक कामाच्या दिवशी भरदुपारी. धुणीभांडी करणारी मावशी गेली तर तिचा खाडा, घरी चूल अर्धीच. तिला 'जागरूक नागरिक व्हा' म्हणणं ही चोरावर मोर शहाणपणाची भाषा आहे. दोष तिचा नाही. जबाबदारी आपली, ज्यांना चार अक्षरं तिच्याच कष्टातून मिळाली. तिच्या वतीनं बसायचं, पण तिला विचारून, आणि परत येऊन तिला सांगून. हे दुसरं राहिलं की पुढारी तयार होतो.

आपला राखीव जागेवरचा माणूस आत गेल्यावर गप्प का होतो, याचंही कारण इथंच आहे. 1932 च्या पुणे करारापासून राखीव जागेलाही सगळ्यांची मतं मागावी लागतात. वस्ती पाठीशी उभी नसेल तर तो पक्षाच्या पाठीशी उभा राहतो. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यानं कोणत्या विषयावर काय मत दिलं हे आपल्याला ठाऊक नसेल, तर शिव्या घालायचा अधिकार तरी कुठून आणायचा?

म्हणून काम साधं आहे, कंटाळवाणं आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा दहा रुपयांचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विषयपत्रिका मागा, इतिवृत्त मागा. कोणत्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत, हे जाहीर करायचं बंधन याच कायद्यात आहे. आपल्या वस्तीसाठी ठेवलेला पैसा कुठं खर्चला, की पडून राहिला, की दुसरीकडं वळवला, ते शोधा. आणि रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं ते इतिवृत्त मोठ्यानं वाचा. मावशीला कळेल अशा भाषेत. ती विचारेल, "ठराव झाला ना? मग नळाला पाणी कुठंय?" हाच प्रश्न घेऊन पुढच्या बैठकीला जा. तरी ऐकलं नाही, तर मोर्चा आहेच. त्या मोर्चाच्या हातात तारीख असेल, ठराव क्रमांक असेल, सही करणाऱ्याचं नाव असेल. तो मोर्चा नुसत्या घोषणांनी परतवता येत नाही.

शरणागती आत जाण्यात नाही. आत जाऊन वस्तीला विसरण्यात आहे. आणि विद्रोह बाहेर राहण्यातही नाही. 1924 चा ठराव तीन वर्षं पडून राहिला आणि 1927 साली एका बैठकीत पुसला गेला. आपल्या वस्तीचा असा कोणता ठराव आज कुठल्या दप्तरात पडलाय? आधी तो हुडका.

जय भीम.