माउलीपणाचे वाटेकरी

आईपण ही तपश्चर्या आहे, असे कीर्तनकार सांगतात, डोहाळजेवणाला जमलेल्या मावश्या-आत्या सांगतात आणि अलीकडे मे महिन्यातल्या जाहिरातीही सांगतात. रात्री तीनदा उठून तापलेले अंग चाचपणे, पहाटे डबा, सांडलेले वरण पुसून पुन्हा तोच घास भरवणे, स्कूल व्हॅनवाल्या काकांना फोन, पाळणाघर बंद व्हायच्या आत अंधेरीहून बोरिवलीला पोचायची धडपड, या साऱ्याला निष्काम कर्मयोग म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. काही जण हे म्हणणे डोळे मिटून मान्य करतात. काहींना ते बाईला गप्प बसवण्याचे साधन वाटते आणि ते उडवून लावतात. मला दोन्ही पटत नाही. लहान मूल वाढवणे ही साधना आहे हे मला मान्य आहे, आणि ते मनापासून मान्य केले की पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही. साधना असेल तर ती घरातल्या एकाच माणसाच्या माथी मारता येणार नाही, आणि बापाने ती टाळली तर तो नुसता आळस ठरणार नाही, धर्माच्या दृष्टीनेही ती चूक ठरेल.

आधी ती साधना का, ते पाहू. गीतेचा तिसरा अध्याय सांगतो की करणाऱ्याने फळात गुंतू नये आणि लोकसंग्रहासाठी, म्हणजे जगाची घडी चालती राहावी म्हणून, काम करत राहावे. दीड वर्षाच्या मुलाच्या कामाला दिसेल असे फळच नसते. धुतलेले दुपटे तासाभरात पुन्हा बादलीत येते. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला पुढे यातले काहीही आठवणार नाही, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांतले माणसाला फारसे स्मरतच नाही. कृतज्ञतेची सोयही निसर्गाने ठेवलेली नाही म्हणायची! शिवाय प्रश्न लक्ष देण्याचा आहे. ध्यानाला बसणारा ठरल्या वेळी डोळे मिटतो आणि ठरल्या वेळी उघडतो. रांगते मूल ही मुभा देत नाही. हातातले काम, डोक्यातला विचार, तोंडातला घास अर्धवट टाकून दुसऱ्याच्या गरजेकडे वळायचे आणि तेही न चिडता, हे दिवसातून कितीतरी वेळा करावे लागते. 'मी' बाजूला ठेवण्याचा इतका रोखठोक अभ्यास मठातही क्वचितच घडत असेल. प्रत्येक वेळी तो साधत नाही. आवाज चढतो, कधी धपाटाही बसतो. पण कोणती साधना न चुकता होते?

आता अडचण. ज्या गीतेच्या आधाराने आपण आईच्या कामाला कर्मयोग म्हणतो, तिच्यातच त्यागाची कसून तपासणी आहे. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार येतात. मोहापोटी नेमलेले कर्म सोडणे हा तामस त्याग. कर्म कष्टाचे आहे, शरीराला त्रास होईल, या भीतीने सोडणे हा राजस त्याग, आणि असा त्याग करणाऱ्याला त्यागाचे फळ मिळत नाही. कर्म करत राहून आसक्ती आणि फळ सोडणे हा सात्त्विक त्याग. आपली प्रवचने यातला तिसरा प्रकार आईला बहाल करून थांबतात. पण सात्त्विक त्यागाला सोडणारा कर्ता लागतो, आणि त्याच्यापुढे दुसरी वाट मोकळी असावी लागते. जिच्यापुढे पर्यायच ठेवला नाही तिने काय सोडले? तिच्याकडून काढून घेतले गेले, एवढेच म्हणता येईल. काढून घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणणे हा गीतेचा आधार नव्हे, गीतेची पळवाट आहे. आणि हीच फूटपट्टी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला लावली तर? रात्री दोनला मूल रडते, बाप कूस बदलतो आणि झोपेचे सोंग घेतो. कष्टाच्या भीतीने सोडलेल्या कर्माचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. राजस त्यागाच्या श्लोकावर प्रवचने पुष्कळ झाली असतील. त्यात हे उदाहरण मात्र कधी कानावर येत नाही.

यावर कुणी म्हणेल, गीतेचा अर्थ लावण्यात ही ओढाताण आहे, मराठी मातीतली परंपरा तरी असे काही सांगते का? सांगते, आणि फार ठळकपणे सांगते. वारकऱ्यांचा देव पुरुषरूपात विटेवर उभा आहे आणि भक्त त्याला आई म्हणतात. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणारा अविवाहित तरुण माउली ठरला. वारीत दाढीमिशा असलेला शेतकरी आणि नऊवारीतली आजी एकमेकांना त्याच एका नावाने हाक मारतात. म्हणजे या पंथाने माउलीपण गर्भाशयापासून सोडवून वागणुकीशी जोडले. जनाबाईची कथा तर याच्याही पुढे जाते. तिच्या अभंगपरंपरेत विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. भक्ताला घरकामातून सुटका देऊन तो वैकुंठाला नेत नाही. तो घरकामात उतरतो. एकनाथांबद्दल सांगतात की पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळवंटात चुकलेले, रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी कडेवर घेतले आणि घरी पोचवले. त्या कथेतला जातिभेदाचा धडा आपण शिकलो, निदान पाठ केला. पण रडणारे मूल विद्वान पुरुषाच्या कडेवर आहे, हे चित्रही त्याच कथेत आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

ज्ञानेश्वरांच्या घरचीच गोष्ट घ्या. परंपरा सांगते की विठ्ठलपंत पत्नीची खरी संमती न घेता काशीला गेले आणि संन्यासी झाले. ते कळल्यावर त्यांच्या गुरूंनी त्यांना घरी परत पाठवले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही मुले त्यानंतरची. संसार टाकून मिळवलेले ब्रह्म त्या गुरूला चालले नाही. संन्याशाने पुन्हा संसार मांडला हे आळंदीच्या ब्रह्मवृंदाला मात्र चालले नाही, आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. गृहस्थाश्रमात परतलेल्या बापाला शिक्षा करणारा समाज आणि त्याला परत पाठवणारा गुरू, यांतला धर्म कुणाचा, याचा निकाल वारकऱ्यांनी केव्हाच देऊन टाकला आहे. ते आळंदीला जातात ते ब्रह्मवृंदासाठी नव्हे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र याच परंपरेच्या आतून येतो. देवाला आई म्हणणाऱ्या संतांच्या स्वतःच्या घरी काय चालले होते? नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावर असलेल्या अभंगांत घराकडे पाठ फिरवल्याची तक्रार आहे, आणि ती थेट विठ्ठलाकडे आहे. तुकोबांच्या जिजाईला लोककथेने कजाग ठरवले. भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी तीच आणि घरी मुलांना जेवू घालणारीही तीच. तुकोबांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या बहिणाबाईंनी (1628-1700) आत्मचरित्रपर अभंग लिहिले. त्यांत कीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खाल्ल्याचे आहे आणि मुलांच्या जन्माचेही आहे. तेव्हा रूपकाने घर बदलत नाही, असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. यात भर म्हणजे पुरुषाने एकदा मूल कडेवर घेतले की त्याची आख्यायिका होते आणि बाईने रोज घेतले तर त्याची नोंदही होत नाही. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या बागेत बाळाला छातीशी बांधून फिरणाऱ्या बापाचे कौतुक ऐका, म्हणजे ही सवय किती ताजी आहे ते कळेल. तरीही माझ्या मते या आक्षेपाने मुद्दा पडत नाही. राजाईच्या नावाची तक्रार गाथेतून कुणी वगळली नाही, ती शतकानुशतके गायली गेली. परंपरेने आपला आदर्श आणि त्यातली उणीव शेजारी शेजारी जपली. उणीव दाखवली म्हणून आदर्श खोटा ठरत नाही. तो अजून पाळलेला नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते.

निसर्गाचा आक्षेप थोडक्यात आटोपता येईल. गर्भ आणि स्तनपान आईचे, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने निव्वळ आईचे दूध द्यायला सांगते. पण नखे कापणे, लसीच्या तारखा ध्यानात ठेवणे, वरणभात कालवणे, गोष्ट सांगून निजवणे यांना कोणता अवयव लागतो? स्वधर्माचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिळवणे हा बापाचा धर्म, घर हा आईचा, आणि परधर्म भयावह, असे गीतेचेच नाव घेऊन सांगितले जाते. ही वाटणी उपनगरात तरी कधीच मोडली आहे. सीप्झ अंधेरीत 1973 पासून आहे आणि तिथल्या कारखान्यांत बायका पहिल्यापासून आहेत. 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली ती कमावत्या बायकांच्या गर्दीमुळेच. त्या गाडीत बसून भाजी निवडणाऱ्या बाया मुंबईने पाहिल्या आहेत. पुरुषांच्या डब्यात पत्ते आणि भजने चालतात. वाटणीची एक बाजू मोडली, दुसरी जशीच्या तशी राहिली. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 59 वयाच्या स्त्रियांपैकी 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात आणि करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी 140 मिनिटे जातात. पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आणि वेळ 74 मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी यात धरलेली नाहीत. दमणूक हे कारण असेल तर ते दोघांनाही लागू आहे.

एक पळवाट सुशिक्षितांना विशेष प्रिय आहे. नवराबायकोत वाद नको म्हणून काम तिसऱ्या बाईवर सोपवायचे. आजी गावाहून येते, नाहीतर मावशी ठेवली जाते. ही मावशी भांडुपच्या किंवा असल्फाच्या टेकडीवरून उतरून दुसऱ्याचे मूल दिवसभर सांभाळते तेव्हा तिचे स्वतःचे मूल शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे असते. घरकामगारांच्या कल्याणासाठी राज्याने 2008 मध्ये मंडळाचा कायदा केला, पण त्या थोरल्या मुलीच्या बुडालेल्या शाळेचा हिशेब त्यात नाही. मदत घेण्यात गैर काही नाही, ती रास्त पगारावर आणि सुट्ट्यांसकट घ्यावी. मात्र साधना एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकवून बापाला मोकळे ठेवणे म्हणजे वाटणी नव्हे.

मिनिटे मोजायला लागलो की माया आटते, असेही म्हणतात. मायेची एवढी काळजी असेल तर बापाच्या मायेचीही करू या. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ज्या धर्माने शतकानुशतके निवास केला, तो घर सोडण्याला थोर मानणारा. तरीही विनयपिटकात एक प्रसंग आहे. बुद्धाने राहुलला संघात घेतले तेव्हा शुद्धोदन कळवळला. आधी मुलगा गेला, आता नातू. पुत्रप्रेम कातडी भेदून हाडाच्या मगजापर्यंत जाते, अशा अर्थाचे तो बोलला आणि यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून मुलाला दीक्षा देऊ नये असे त्याने मागितले. बुद्धाने तसा नियम केला. इतकी खोल माया पुरुषाला होऊ शकते याची साक्ष संन्याशांच्या ग्रंथानेच दिली आहे. ती माया आपोआप येत नाही. ज्याने मुलाचे दुखणे काढले, त्याचा हट्ट झेलला, त्याच्यातच ती मुरते. कामातून बापाला वगळणारे घर त्याला सवलत देते असे दिसते, पण या मायेला तो मुकतो.

आता हा विचार कायद्यात किती उतरला आहे ते पाहा. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आहे, पण ती बाईला. खासगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. स्त्री कर्मचाऱ्याला ती मिळते, पुरुषाला मात्र पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणजे बापाने मूल सांभाळायचे ते आई मेल्यावर किंवा मरणपंथाला लागल्यावर, असे सरकारी कागद म्हणतो. दर आषाढीला याच राज्याचे मुख्यमंत्री पत्नीसह पहाटे पंढरपुरात शासकीय महापूजा करतात. त्या विठाईला साक्ष ठेवून सरकारने ही अट रद्द करावी आणि धडधाकट बायको असलेल्या बापालाही तीच रजा तितकेच दिवस द्यावी.