दोन काचांमधले धुके



कॅनडासारख्या थंड देशात घरांच्या खिडक्यांना दुहेरी काचा असतात. मधल्या जागेत कोरडी हवा किंवा आरगॉन वायू ठेवून कडा सीलबंद करतात. कडेच्या पोकळ पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. उन्हाने व थंडीने आतला वायू रोज फुगतो, आकसतो. त्यात कडेला पाणी साचून राहिले, की सील सुटू लागते. तरी काच लगेच धुरकट होत नाही, कारण दाणे ओलावा निमूटपणे शोषत राहतात. त्यांची क्षमता संपली, की काचांच्या मध्ये धुके धरते. मग ते कोणत्याही बाजूने पुसून जात नाही.

आपल्या कुटुंबातही कुणीतरी निमूटपणे सोसत असते आणि सारे ठीक आहे, असे आपण समजतो. खिडकीच्या चौकटीला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मोकळी ठेवावी लागतात. संत पौल एफिसकरांना सूर्यास्ताआधी राग सोडायला सांगतो, ते याचसाठी. धुके धरलेच, तरी चौकट तोडावी लागत नाही. काचांची जोडी नवी बसवता येते. आज जेवायला बसण्यापूर्वी त्या सोसणाऱ्या माणसाची आपण आपुलकीने विचारपूस करू या.