होडी कोणाची?

माणूस गेल्यावर मागे उरलेल्या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे कधी ना कधी येतोच. जमीन, घर, दागिने, बँकेतील ठेव यांच्यासाठी कायदा आहे, मृत्युपत्र आहे, तलाठ्याचे दप्तर आहे. परंतु जिच्यावर गेलेल्या माणसाने जीव लावला, जिला बाजारात फारशी किंमत नाही आणि जी घरातील दुसऱ्या कोणालाही वापरता येत नाही, अशा वस्तूचे काय करावे, हे कोणत्याच दप्तरात लिहिलेले नसते. काही वर्षांपूर्वी एका होडीच्या निमित्ताने हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्या वेळी मी दिलेला सल्ला चुकीचा होता. तो का चुकला, याचा विचार मी अजून करीत असतो, आणि तोच येथे वाचकांपुढे ठेवतो आहे.

आमचे वरणगाव भुसावळ तालुक्यात, तापीच्या खोऱ्यात आहे. परगावच्या लोकांना ते आयुध निर्माणीमुळे माहीत असते. त्या कारखान्यामुळे देशाच्या नाना भागांतून माणसे येथे आली, आणि त्यांत काही आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती. गावापासून जवळच हतनूरचे धरण आहे. एक्केचाळीस दरवाजांच्या या धरणाचे पाणी पार चांगदेवपर्यंत, तापी आणि पूर्णा यांच्या संगमापर्यंत पसरते. आमच्या शेजारी राहणारे एक काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. रविवारी भुसावळला मिस्सा ऐकून आले की जेवण उरकून ते गळ, रीळ आणि पिठाचे गोळे घेऊन या पाण्यावर जात. मासे विकणे त्यांना माहीत नव्हते. लहान मासा ते गळातून अलगद सोडवून पाण्यात परत टाकीत; मोठा मिळाला तर शेजारीपाजारी वाटीत. मुंबईत पवई तलावाच्या काठी अशा हौशी माणसांची संस्था आहे, तेथे एकदा जाऊन यायचे, असे ते नेहमी म्हणत. ते जाणे काही झाले नाही.

त्यांनी स्वतःसाठी एक लहान होडी बांधली होती. फळ्या सागाच्या, खिळे आणि पट्ट्या स्वतःच्या हाताने घडवलेल्या. परंतु फिटरला लोखंड कळते, पाणी कळत नाही. फळ्यांच्या सांध्यांत कापूस कसा ठोसायचा, वर डांबर कसे चढवायचे, वाऱ्यात होडी कशी धरायची, हे त्यांना धरणावरच्या एका भोई गृहस्थाने शिकवले. पुढे बारा-तेरा वर्षे दोघे बरोबर पाण्यावर जात असत. तो गृहस्थ आधी गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, काका गेले.

होडी त्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली पालथी पडून राहिली. वर्ष झाले. मग महामार्गावरच्या एका ढाब्याच्या मालकाने ती मागितली. फाटकाशी रंगवून ठेवायची, आत फुलझाडे लावायची, असा त्याचा विचार होता. बारा हजार रुपये रोख देण्यास तो तयार होता. त्याच आठवड्यात त्या भोई गृहस्थाचा मुलगा आला. तो मच्छीमार सोसायटीचा सभासद होता, त्याची स्वतःची होडी मोडली होती. चार हजारांपेक्षा अधिक देणे त्याला शक्य नव्हते, आणि तेही पावसाळ्यानंतर, हप्त्याने. काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीस होता. “तुला योग्य वाटेल ते कर, आई,” असे त्याने कळवले. काकूंनी मला विचारले.

मी ढाब्याच्या बाजूने सल्ला दिला. माझे म्हणणे असे होते की पैसे अधिक मिळतील, आणि काकूंच्या औषधांचा खर्च पाहता ही गोष्ट लहान नव्हती. शिवाय होडी जपली जाईल. येणारा-जाणारा तिच्याकडे पाहील, आणि कोणीतरी विचारील की ही होडी कोणाची. मच्छीमाराच्या हाती पडली तर जाळी, चिखल आणि रोजचा वापर यांत ती चार-पाच वर्षांत संपेल. हौसेने बांधलेली वस्तू पोटापाण्याच्या ओढाताणीत झिजावी, हे मला त्या वेळी बरे वाटले नाही.

माझ्या या म्हणण्याला एका जगप्रसिद्ध होडीचा आधार होता. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे हा गळाने मोठे मासे धरण्याचा अतोनात शौकीन. १९३४ साली त्याने ब्रुकलिनच्या एका कारखान्यातून अडतीस फुटी होडी घेतली आणि तिचे नाव ‘पिलार’ ठेवले. स्पेनमधील सारागोसा येथे स्तंभमातेचे जे तीर्थस्थान आहे, त्याच्याशी हे नाव जोडलेले आहे. क्युबाच्या समुद्रात या होडीवरून तो मार्लिन मासे धरीत असे. १९३८ पासून ग्रेगोरिओ फुएन्तेस हा खलाशी तिची देखभाल करू लागला. १९६१ साली हेमिंग्वेचा मृत्यू झाला आणि होडी फुएन्तेसकडे आली. त्याने ती क्युबाच्या सरकारला दिली. आज ती हवानाजवळ हेमिंग्वेच्या घराच्या आवारात, जेथे पूर्वी टेनिसचे मैदान होते तेथे, छपराखाली उभी आहे. जगभरचे लोक तिला पाहायला येतात. होडी नव्या मालकाकडे गेली, सुरक्षित राहिली आणि माणसाची आठवणही टिकली. याहून अधिक काय हवे, असे मी काकूंना म्हणालो.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, “तो खलाशी पुढे किती वर्षे जगला?” मी सांगितले की तो २००२ साली, वयाच्या एकशे चौथ्या वर्षी वारला. “म्हणजे चाळीस वर्षे त्याने ती होडी जमिनीवर पाहिली,” काकू म्हणाल्या. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

मी घरी आलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फुएन्तेसने चूक केली, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तेवढी मोठी होडी चालवणे एकट्या खलाशाच्या आवाक्यातले नव्हते, आणि संग्रहालय हेदेखील एक प्रकारचे देणेच आहे. ते नसते तर ‘पिलार’ कधीच कुजून गेली असती. परंतु संग्रहालयात जी राहते ती होडीची आठवण असते. होडी असणे म्हणजे पाण्यावर असणे. लाकडाच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. फळ्यांची होडी पाण्यात असते तोवर लाकूड फुगलेले राहते आणि सांधे घट्ट मिटलेले असतात. कोरड्यात ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. मी ज्याला जपणे म्हणत होतो, त्यानेच ती होडी मोडत चालली होती.

मालकीसंबंधी आपल्या परंपरेत एक फार जुना आणि फार स्पष्ट विचार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात वस्तूंशी असलेल्या माणसाच्या नात्याचे दोन भाग केले. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा एक भाग. यात खासगी मालकी योग्यच आहे, कारण जे आपले आहे त्याची माणूस अधिक काळजी घेतो, कामात गोंधळ होत नाही आणि भांडणे कमी होतात. दुसरा भाग उपयोगाचा. तेथे मात्र माणसाने वस्तू केवळ आपली मानू नये. ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला देण्यास तयार असावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात हाच धागा पुन्हा हाती घेतला: खासगी मालकी हा हक्क आहे, परंतु सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, या सत्यापुढे तो निरंकुश नाही.

हा विचार आपण सहसा मोठ्या जमीनदारांना आणि कारखानदारांना लावतो. आपल्या अंगणातील पालथ्या होडीला तो लावण्याचे आपल्या मनात येत नाही. होडीची व्यवस्था पाहण्याचा हक्क काकूंचा होता, यात शंका नाही. पण तिचा उपयोग कोणाकडे थांबला होता, हा प्रश्न वेगळा. शिवाय ती होडी एकट्या काकांची तरी कोठे होती? जे सांधे तिला पाण्यावर तरंगत ठेवीत, ते भरण्याची विद्या त्या भोई गृहस्थाची होती. शिकवल्याचे मोल त्याने कधी मागितले नाही, म्हणून ते देणे नव्हतेच, असे म्हणता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल की मग स्मृतीला काही किंमतच नाही का? आहे, आणि ती फार मोठी आहे. परंतु स्मृती कशाने टिकते, ते पाहिले पाहिजे. हेमिंग्वे गेल्यानंतर कोहिमार या क्युबातील कोळीगावाने त्याचा अर्धपुतळा उभारला. त्यासाठी लागणारा धातू गावच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांचे जुने पंखे आणि इतर सुटे भाग वितळवून दिला. ज्यांच्यासाठी मासा हा खेळ नव्हता, पोट होते, त्यांनी एका हौशी माणसासाठी स्वतःच्या होड्यांतून काढून दिले. ‘पिलार’ पाहून मला जे समजले नव्हते, ते या पुतळ्याने समजले. त्यांची आठवण देण्यातून उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो आणि माझा सल्ला मागे घेतो असे सांगितले. त्यांचा निर्णय आधीच झाला होता. मी आवेशाने म्हणालो, “मग फुकटच द्या की.” त्यांनी मान हलवली. “फुकट दिली तर आपल्या दारावरून जाताना प्रत्येक वेळी त्याला मान खाली घालावी लागेल. होडी त्याची झाली पाहिजे. चार हजार घेईन, हप्त्याने घेईन.” दान आणि न्याय यांतला फरक इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कोठे ऐकला नाही. ज्या दानाने घेणारा कायमचा मिंधा होतो, त्यात देणारा वस्तू सोडतो, पण दोरी हातात ठेवतो.

पावसाळ्याच्या आरंभी तो तरुण ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला. धरणावर नेऊन त्याने सांध्यांत नवा कापूस भरला आणि डांबर चढवले. मग जे केले ते पाहून मी घाबरलो. काठाजवळच्या उथळ पाण्यात त्याने होडी नेली आणि तिच्यात पाणी भरून ती बुडवून ठेवली. वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगाव्यात, म्हणून तीन दिवस ती तशीच राहू द्यावी लागते, असे त्याने सांगितले. चौथ्या दिवशी पाणी उपसले आणि ती तरंगली.

होडीच्या नाळेवर काकांनी पांढऱ्या अक्षरांत काकूंचे नाव लिहिले होते. पुढच्या हंगामात मी धरणावर गेलो तेव्हा ते निळ्या रंगाखाली गेले होते, आणि तेथे त्या तरुणाच्या मुलीचे नाव होते. मला वाईट वाटले. काकूंना सांगावे की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले आणि शेवटी सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्यांनीसुद्धा आपल्याच माणसाचे नाव लिहिले होते ना?” वस्तू देताना ती बदलेल, तिचा रंग आणि कामही बदलेल, हे ज्याला मान्य नाही, त्याने ती अजून दिलेलीच नसते.

शुभवर्तमानातील होड्यांकडे मी तेव्हापासून थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसून लोकांना शिकवतो. ती होडी त्याची नव्हती. याकोब आणि योहान होडी सोडून त्याच्यामागे जातात, पण संत मार्क सांगतात की त्यांचा बाप जब्दी नोकरांबरोबर होडीतच राहिला. पुनरुत्थानानंतर शिष्य पुन्हा मासे धरायला निघतात, तेव्हा होडी तयार असते. ती कोणाची होती, हे योहान सांगत नाहीत. १९८६ साली दुष्काळात गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा काठच्या चिखलात पहिल्या शतकातील एक होडी सापडली. ती अनेक जातींच्या लाकडांची ठिगळे लावून पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली होती, आणि शेवटी कामाचे भाग काढून घेतल्यावरच टाकून दिलेली होती. त्या काळच्या गरीब कोळ्यांनी तिला जितके शक्य होते तितके दिवस पाण्यावर ठेवले होते.

आपल्या घरांतही अशा होड्या आहेत. आजीचे शिवणयंत्र पलंगाखाली असते, वडिलांची सुतारकामाची पेटी माळ्यावर असते, भावाची व्हायोलिन खोळीत असते. सगळेच देऊन टाकावे, असे मी म्हणत नाही. काकूंनीही काकांची एक गळाची काठी दाराच्या मागे ठेवली आहे, आणि ती तेथे असणे योग्यच आहे. आठवणीसाठी एक काठी पुरते. बाकीचे उचलताना एवढेच विचारावे की हे कोणाच्या हातात पुन्हा चालू होईल, आणि त्या माणसाला ते ताठ मानेने घेता येईल का.

शेवटचा हप्ता त्या तरुणाने दिवाळीनंतर आणून दिला. काकूंनी पैसे मोजून घेतले.