‘येतो’ म्हणून निघताना

निरोप आणि स्वागत ह्या दोन गोष्टींचा विचार आपण सहसा वेगवेगळा करतो. स्वागत हा आनंदाचा प्रसंग आणि निरोप हा दुःखाचा, अशी वाटणी आपल्या मनात ठरून गेली आहे. परंतु एकाच घराच्या दारातून एकाच दिवशी कोणी बाहेर पडत असेल आणि कोणी आत येत असेल, तर त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने तोंड कोणाकडे करावे? हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. थोडे खोल शिरले, की तो नीतीचा आहे हे ध्यानात येते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. पूर्वी आपल्याकडचा माणूस परदेशी जाई तो बहुधा बोटीवर नाही तर आखातात, पोटापाण्यासाठी. आज मुले-मुली शिकण्यासाठी जातात. कोणी दोन वर्षांसाठी, तर कोणी अवघ्या एका सत्रासाठी. युरोपात तर ह्या अल्पमुदतीच्या शिक्षणाची रीतच पडून गेली आहे. १९८७ साली युरोपीय समुदायाने रॉटरडॅमच्या इरॅस्मस ह्या विद्वानाच्या नावाने विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले होते. त्यानंतर एक कोटीहून अधिक माणसे ह्या वाटेने जाऊन आली आहेत. ह्या शिक्षणाचे एक वैशिष्ट्य असे, की जाण्याचा दिवस येण्याच्या दिवशीच ठाऊक असतो. आपल्या परंपरेने ‘अतिथी’ ह्या शब्दाचा अर्थ ‘ज्याची तिथी ठरलेली नाही तो’ असा सांगितला आहे. येथे उलट प्रकार. येण्याची आणि परतण्याची, दोन्ही तारखा पारपत्रावरच्या शिक्क्यात बांधलेल्या असतात. सत्र संपत येते तसे चार-पाच महिन्यांचे सोबती एकेक करून आपापल्या देशी निघतात. आणि बरेचदा नेमक्या त्याच आठवड्यात, आयुष्यभराच्या पुंजीला हात घालून, आईवडील लेकराची जागा पाहायला येऊन पोहोचतात.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता असेच स्पेनमधील सालामांका ह्या गावी गेलो. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे आहे. आमच्या लेकीचे तेथले एक सत्र संपत आले होते. गाव सोनेरी दगडाचे. संध्याकाळी ऊन कलले, की मोठ्या चौकाच्या भिंती पिकल्या केळ्यासारख्या दिसू लागतात. त्या चौकातील घड्याळाखाली भेटायचे, अशी गावची जुनी पद्धत आहे. आम्ही पोहोचलो त्याच रात्री तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी पोलंडची मुलगी मध्यरात्रीनंतरच्या बसने कायमची निघणार होती. लेकीने आमच्यासाठी भात रांधला होता. ताटे वाढली आणि मग ती अवघडून म्हणाली, “पप्पा, तुम्ही एवढ्या लांबून आलात. आजच्या रात्री मी बाहेर गेले तर बरे दिसेल का?”

तिच्या ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांला फार वेळ लागला नाही. मात्र त्याचा विचार त्यानंतर पुष्कळ दिवस पुरला.

ह्या प्रश्नात मुळात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला असा, की पाच महिन्यांच्या मैत्रीला मैत्री म्हणावे काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचा ऊहापोह करताना एक जुनी म्हण सांगितली आहे. एकमेकांबरोबर पुरेसे मीठ खाऊन झाल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखू शकत नाहीत, असा तिचा आशय. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपणही म्हणतो. वसईच्या खाडीकाठची मिठागरे पाहत वाढलेल्या माणसाला तर मिठाचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु आपल्या म्हणीतले मीठ धन्याचे असते आणि खाणारा चाकर असतो. ॲरिस्टॉटलचे मीठ बरोबरीच्या माणसांनी एका ताटात खाल्लेले असते. ते पुरेसे व्हायला काळ लागतो, असे तो म्हणतो. तरुणांची मैत्री बहुधा सुखापुरती असते, लवकर जुळते आणि लवकर विरते, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. हा आक्षेप खोटा नाही. अशा कित्येक मैत्र्या बस सुटताच संपतात.

तरीही ह्या मुदतीच्या मैत्रीत एक गोष्ट अशी असते, जी लांबच्या मैत्रीत सहज सापडत नाही. पुढे उपयोग होईल, हा हिशेब तिला करताच येत नाही. त्या पोलंडच्या मुलीने जाण्यापूर्वी आपली उशी, चादर, तवा आणि बादली लेकीच्या खोलीत आणून ठेवली होती, कारण आमचे अंथरूण-पांघरूण पुरणार नव्हते हे तिला माहीत होते. आम्हांला तिने कधी पाहिलेले नव्हते. तिच्या उपकाराची फेड व्हायची शक्यताही नव्हती. ज्या रात्री ती गेली, त्या रात्री आम्ही तिच्या उशीवर डोके टेकून झोपलो. फेडीची आशा नसताना केलेले भले हीच जर मैत्रीची कसोटी असेल, तर पाच महिने हा काळ पुरेसा ठरू शकतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: हक्क कोणाचा मोठा? रक्ताचे नाते जन्मभराचे, तेव्हा आईवडिलांना थांबता येईल, असे कोणी म्हणेल. पण हे उत्तर आम्हांला पुरे वाटत नाही. आईवडिलांचे वय वाढत असते. साता समुद्रापलीकडच्या भेटी मोजक्याच असतात. घरचे लोक कायमचे आहेत असे गृहीत धरून त्यांना सदैव मागे ठेवण्याची सवय जडली, की एके दिवशी ते नसतात. म्हणून नात्याची प्रतवारी लावून हा गुंता सुटत नाही. त्या घटकेला कोणापाशी वेळ कमी आहे, हे पाहावे. आलेला माणूस उद्या सकाळी भेटणार आहे. निघालेला मध्यरात्रीनंतर भेटणार नाही. उद्या हीच कसोटी आईवडिलांच्या बाजूने कौल देईल, आणि तेव्हा मित्रांनी मागे सरले पाहिजे.

आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे गुपचूप निसटण्याचा. कोणाला न सांगता पहाटे बॅग उचलून निघून जाणारी माणसे आपण पाहतो. रडारड नको, असे कारण ते देतात. संत ऑगस्टीन ह्यांनी ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथात आपल्या तरुणपणाची एक हकीकत निःसंकोचपणे सांगितली आहे. ३८३ साली कार्थेजहून रोमला निघताना आई मोनिका त्यांना सोडीना. तेव्हा ‘एका मित्राचे गलबत अनुकूल वाऱ्याची वाट पाहत आहे, तो निघेपर्यंत त्याला सोडून मी येणार नाही’ अशी थाप मारून त्यांनी तिला बंदराजवळच्या प्रार्थनास्थळी रात्र काढायला लावली आणि स्वतः समुद्रमार्गे निघून गेले. मित्राला निरोप देण्याच्या खोट्या निमित्ताने आईचा खरा निरोप चुकवला गेला. मोनिका पुढे समुद्र ओलांडून मिलानपर्यंत लेकामागे गेली. तिचे येणे हे त्या न घेतलेल्या निरोपाचे उत्तर होते, असे म्हणावेसे वाटते. निरोप चुकवणारा दुःख टाळीत नाही. ते तो मागे राहिलेल्याच्या पदरात टाकून जातो. म्हणूनच निरोप घेणे हा सत्याचा भाग आहे. ‘मी जात आहे आणि माझ्या जाण्याने तुझे काही हरवत आहे, हे मला ठाऊक आहे,’ एवढी कबुली त्यात असते.

ह्याच सालामांका विद्यापीठात १५३९ साली फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्या डॉमिनिकन धर्मगुरूने एक गाजलेले व्याख्यान दिले. सान एस्तेबान मठासमोर त्याचा पुतळा आज उभा आहे. परदेशी पाहुण्याला सबळ कारणावाचून वाईट वागवणे हे सर्व राष्ट्रांना अमानुष वाटते, आणि निरुपद्रवी प्रवाशाला कोठेही जाण्या-येण्याचा हक्क आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाजूने त्याने पुष्कळ काही धैर्याने मांडले. तथापि प्रवाशाच्या ह्याच हक्कात स्पॅनिश सत्तेला तेथे पाय रोवण्याचे एक समर्थनही दडलेले होते. पाहुणा म्हणून आलेला जर जायचे नावच घेत नसेल, तर काय? आपल्या वसईनेही १५३४ पासून १७३९ पर्यंत हा अनुभव घेतला आहे. त्या काळाने आपल्याला पुष्कळ दिले, तरी आलेले लोक पाहुणे म्हणून राहिले नव्हते. पुढे १७९५ साली कांट ह्या तत्त्ववेत्त्याने शाश्वत शांतीवरील प्रबंधात नेमकी मर्यादा घातली. परक्या भूमीवर माणसाला भेटीचा हक्क आहे. वस्तीचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही.

येथे निरोप आणि स्वागत ह्यांचे नाते उलगडू लागते. वेळेवर जाण्याने पाहुणचाराला पूर्णता येते. पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरी गेली, सुमारे तीन महिने राहिली आणि आपल्या घरी परतली, एवढे संत लूक थोडक्यात नोंदवतो. परतण्याचा उल्लेख गाळावा असे त्याला वाटले नाही. संत बेनेडिक्ट ह्यांच्या मठनियमांत पाहुण्यांच्या स्वागताचा एक अध्याय आहे आणि प्रवासाला निघणाऱ्या बंधूंसाठीही एक स्वतंत्र अध्याय आहे. येणाऱ्यात ख्रिस्त पाहावा आणि जाणाऱ्यासाठी सर्वांनी प्रार्थना करावी, अशी दोहोंची शिकवण. एकाच घराला दोन्ही नियम लागतात, हे त्या संताने ओळखले होते.

पाहुण्यालाही कर्तव्य असते, हे मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. यजमानाने काय करावे ह्याची यादी मोठी. पाहुण्याने काय करावे ह्याची अगदी लहान. आपण येण्यापूर्वी ह्या घरात एक जीवन चालू होते, त्यात माणसे होती, त्यांची काही देणीघेणी होती, एवढे भान येणाऱ्याने ठेवले, तर यजमानाचे अर्धे ओझे हलके होते. त्या रात्री आम्ही ताटे झाकून ठेवली आणि लेकीबरोबर बसस्थानकावर गेलो. वसईहून तिच्यासाठी नेलेल्या सुकेळ्यांची एक पुडी तिने आमच्या देखत मैत्रिणीच्या हाती दिली. स्वागताची भेट निरोपाची भेट झाली आणि वसईचे केळे पोलंडच्या वाटेला लागले.

राहता राहिला ‘पुन्हा भेटू’ ह्या शब्दांचा प्रश्न. बहुतेक वेळा ते खरे होत नाहीत. मग ते खोटे बोलणे ठरते का? आपल्याकडे घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. स्पेनमध्ये निघताना ‘आदिओस’ म्हणतात. ‘देवाच्या हाती’ असा त्याचा मूळ अर्थ. ‘येतो’ हा शब्द इच्छा सांगतो. ‘आदिओस’ त्या इच्छेची मर्यादा सांगतो. दोन्ही एकत्र उच्चारले, तर त्यात खोटे काही उरत नाही.

१५२९ साली पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयातील एका खोलीत फ्रान्सिस झेवियर, पीटर फेबर आणि इग्नेशियस लोयोला एकत्र राहत होते. तिघेही परमुलखातून शिकायला आलेले. मार्च १५४० मध्ये झेवियर रोमहून निघाले ते अगदी अल्प अवधीत. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. त्या मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. १ ऑगस्ट १५४६ रोजी फेबर रोममध्ये वारले, तेव्हा झेवियर मोलुक्का बेटांत होते. पत्राला उत्तर यायला वर्षे लागत. मित्रांनी स्वहस्ते लिहिलेली नावे झेवियरांनी त्यांच्या पत्रांतून कापून काढली आणि ती सदैव अंगावर बाळगली. ज्यांच्या मुलखात ते आले, त्यांच्यापासून मात्र ह्या आठवणीने त्यांना दूर ठेवले नाही. ते गोव्यात, वसईत, मलाक्क्यात नव्या माणसांत मिसळत गेले.

मराठीत ‘निरोप’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत: पाठवणी आणि सांगावा. आपण ज्याला निरोप देतो, त्याच्याबरोबर काही सांगून पाठवतो. परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांना पत्ते आणि फोन नंबर जपायला आपण सांगतोच. त्याबरोबर हेही सांगावे, की निघणाऱ्याला गाडीपर्यंत पोहोचवा, न सांगता निसटू नका, आणि परत येताना दारात जे उभे असतील त्यांना डोळे पुसल्याचे लपवू नका. आपण आईवडील म्हणून त्या दारात उभे असलो, तर एवढेच करावे: घाईने विचारपूस न करता थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे. जेवण नंतर गरम करता येते.